पांथरीवरचा आळ

कातडीखाली लालजांभळे ठिपके उमटतात, नाकातून व हिरड्यांतून रक्त वाहते आणि तरीही ताप नसतो, अशा व्याधीचे वर्णन हॅनोव्हरचे वैद्य पॉल गॉटलिब वेर्लहॉफ यांनी १७३५ मध्ये केले. मात्र रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट, म्हणजेच बिंबिका, या सूक्ष्म पेशीखंडांचे कार्य तूरिनच्या जुलिओ बित्झोझेरो यांनी १८८२ च्या सुमारास दाखवून देईपर्यंत तिचे कारण शोधण्याला काही आधारच नव्हता.

बिंबिका अस्थिमज्जेतील महाकाय पेशींचे तुकडे असतात, हे जेम्स होमर राइट यांनी १९०६ मध्ये सांगितल्यावर मज्जेतच त्या कमी तयार होत असाव्यात, असा कयास बळावला. त्याउलट प्रागमधील पॉल काझ्नेल्सन या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने दोष पांथरीवर ठेवला आणि १९१६ मध्ये त्याच्या सूचनेवरून एका स्त्रीची पांथरी काढताच बिंबिकांची संख्या झपाट्याने वाढली. आळ सिद्ध झाल्यासारखा वाटला, तरी शस्त्रक्रियेनंतरही काही रुग्णांचा आजार उलटत असे, ही अडचण उरलीच. सेंट लुइसचे विल्यम हॅरिंग्टन यांनी तिचे उत्तर स्वतःच्या देहावर शोधले: अशाच एका रुग्णाचे सुमारे अर्धा लिटर रक्त त्यांनी आपल्या शिरेत घेतले, काही तासांतच त्यांच्या बिंबिका धोकादायक पातळीपर्यंत घसरल्या आणि त्या पूर्ववत होण्यास काही दिवस लागले. आजच्या कोणत्याही नैतिक समितीने हा प्रयोग होऊ दिला नसता. परंतु १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या वृत्तांतामुळे बिंबिकांचा नाश करणारा घटक रक्तद्रवात असतो हे उघड झाले, पुढे तो शरीराने स्वतःविरुद्ध निर्माण केलेले प्रतिपिंड ठरला, आणि पांथरी ही बहुधा त्या नाशाची केवळ जागा आहे हे समजले.

अर्थात प्रत्येक घट याच कारणाने होत नाही. रक्ताच्या कर्करोगात व काही औषधांमुळे मज्जेतील निर्मितीच खुंटते, तर यकृताच्या जुनाट विकारात सुजलेली पांथरी बिंबिका अडवून ठेवते. एका मायक्रोलिटरमध्ये साधारण दीड ते साडेचार लाख ही नेहमीची संख्या मानली जाते आणि ती दहा हजारांखाली गेल्यास आपोआप, क्वचित मेंदूतही, रक्तस्राव होण्याची भीती वाढते. पण आकड्याइतकेच कारणही धोका ठरवते. पावसाळ्यानंतर महाराष्ट्रात डेंग्यूची साथ पसरली की बिंबिकांच्या पिशव्यांसाठी धावाधाव होते, मात्र त्या आजारात जिवावरचे संकट बहुधा ताप उतरण्याच्या सुमारास केशवाहिन्यांतून रक्तद्रव झिरपल्याने ओढवते, आणि रक्तस्राव नसताना केवळ आकडा पाहून दिलेल्या बिंबिकांनी ते टळत नाही.