वेळकाढूपणावर २४ सेकंदांचा उतारा

जेम्स नाइस्मिथ यांनी १८९१च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी, वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात बास्केटबॉलचे १३ नियम लिहून काढले, तेव्हा वेळकाढूपणा त्यांच्या नजरेतून सुटला नव्हता. नवव्या नियमानुसार सीमेबाहेर गेलेला चेंडू आत टाकायला खेळाडूला ५ सेकंद मिळत, आणि एखादा संघ मुद्दाम खेळ लांबवत राहिला तर त्याच्यावर फाउल द्यावा, असेही त्यात म्हटले होते. मात्र खेळ चालू असताना चेंडू किती वेळ आपल्याकडे ठेवला म्हणजे खेळ लांबवला, हे कुठेच लिहिलेले नव्हते. एवढी एक जागा मोकळी राहिली, आणि ती भरायला साठहून अधिक वर्षे गेली.

सुरुवातीला त्याची कोणाला झळ बसण्याचे कारण नव्हते. पीचच्या टोपल्या १० फुटांवर टांगलेल्या, एका बाजूला ९ जण, चेंडू घेऊन पळायचे नाही. पहिला सामना १-० असाच संपला. पण पुढे खेळाडूंनीच चेंडू जमिनीवर आपटत पुढे नेण्याची, म्हणजे ड्रिबल करण्याची युक्ती काढली आणि चेंडू एका हुशार खेळाडूच्या ताब्यात कितीही वेळ राहू शकतो, हे लक्षात आले. आघाडीवरचे संघ चेंडू घेऊन आपल्याच अर्ध्या भागात रेंगाळू लागले, म्हणून १९३२ मध्ये १० सेकंदांत मध्यरेषा ओलांडण्याचा नियम आला. १९३७ पर्यंत प्रत्येक बास्केटनंतर चेंडू पुन्हा मध्यभागी उंच फेकला जाई आणि उंच खेळाडू असलेल्या संघाचे फावे. ती पद्धत बंद झाली आणि ज्याच्यावर गुण झाला त्यालाच चेंडू मिळू लागला. खेळ पळू लागला. तरीही मध्यरेषेपलीकडे गेल्यावर काय, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते.

महाविद्यालयीन सामन्यांत हे खपून जाई, कारण तिथे प्रेक्षक आपल्या कॉलेजसाठी येत. व्यावसायिक लीगचे तसे नव्हते. मोठ्या बंदिस्त क्रीडागृहांच्या मालकांनी १९४६ मध्ये नवी लीग काढली, १९४९ मध्ये ती जुन्या लीगशी जोडली गेली आणि एनबीए हे नाव रूढ झाले. १९४९-५०च्या पहिल्या हंगामात १७ संघ होते. पुढच्या हंगामाला ११ उरले. तिकीट काढून आलेला माणूस कंटाळून परत गेला तर पुढच्या वेळी येणार नाही, अशा कड्यावर ही लीग उभी होती. पुढे जे घडले ते याच परिस्थितीत पाहायला हवे.

२२ नोव्हेंबर १९५० रोजी मिनियापोलिसमध्ये लेकर्स आणि फोर्ट वेन पिस्टन्स यांची गाठ पडली. लेकर्सकडे ६ फूट १० इंच उंचीचा जॉर्ज मायकन होता. त्या काळी त्याला रिंगखाली अडवणे कोणाला जमत नव्हते आणि घरच्या मैदानावर लेकर्स हरत नव्हते. पिस्टन्सचे प्रशिक्षक मरे मेंडेनहॉल यांनी हिशेब मांडला, की चेंडूच मिळाला नाही तर मायकन करणार काय? त्यांचे खेळाडू मध्यरेषेच्या पुढे चेंडू हातात धरून उभे राहिले. लेकर्सचा बचाव रिंगजवळ दबा धरून बसला. दोन्ही बाजू एकमेकांकडे पाहत होत्या आणि घड्याळ पुढे सरकत होते. पहिल्या क्वार्टरअखेर ८-७, मध्यंतराला ११-१३, तिसऱ्या क्वार्टरअखेर १६-१७. सात हजारांवर प्रेक्षक आरडाओरडा करत होते, पाय आपटत होते. चौथ्या क्वार्टरमध्ये दोन्ही संघांनी मिळून ४ गुण केले. अखेरच्या काही सेकंदांत लॅरी फाउस्टने मायकनवरून चेंडू टाकला आणि फोर्ट वेनने सामना १९-१८ असा जिंकला. लेकर्सच्या १८ गुणांपैकी १५ मायकनचे होते. अख्ख्या सामन्यात दोन्ही संघांचे मिळून ८ बास्केट पडले. एनबीएच्या इतिहासात यापेक्षा कमी गुणांचा सामना झालेला नाही.

मेंडेनहॉल यांनी नियम मोडला नव्हता, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. दुबळ्या संघासाठी ती शहाणपणाची चाल होती, दोष नियमांचा होता. त्यानंतर दीड महिन्यात, ६ जानेवारी १९५१ रोजी, रॉचेस्टरला रॉयल्स आणि इंडियानापोलिस ऑलिंपियन्स यांचा सामना सहा जादा डावांपर्यंत लांबला. ऐकायला हा थरारक वाटतो. प्रत्यक्षात प्रत्येक जादा डावात चेंडू मिळालेला संघ शेवटच्या एका शॉटसाठी तो धरून बसे. इंडियानापोलिसने ७५-७३ असा विजय मिळवला तोवर बरेच प्रेक्षक घरी गेले होते.

चेंडू धरून बसलेल्या संघाकडून तो काढून घ्यायचा एकच हमखास मार्ग होता, तो म्हणजे फाउल. मागे पडलेला संघ मुद्दाम फाउल करी, समोरच्याला एक फ्री थ्रो देई आणि चेंडू हाती आल्यावर दोन गुणांचा बास्केट साधायला बघे. मग आघाडीचा संघही तेच करी. शेवटचा क्वार्टर म्हणजे शिट्ट्या आणि फ्री थ्रोंची रांग होऊन बसे. याचा कळस २१ मार्च १९५३ रोजी बोस्टनमध्ये झाला. सिरॅक्यूज नॅशनल्सविरुद्धच्या या प्लेऑफ सामन्यात चार जादा डाव झाले, १०६ फाउल दिले गेले, १३० फ्री थ्रो घेतले गेले. बोस्टनच्या बॉब कूझीने ५० गुण केले, त्यांतले ३० फ्री थ्रोचे. कूझीसारखा चेंडू खेळवणारा खेळाडू त्या पिढीत दुसरा नव्हता. अशा खेळाडूचे कसब बघायला लोकांनी पैसे मोजायचे आणि बघायचे काय, तर तो फ्री थ्रोच्या रेषेवर उभा आहे! त्या काळच्या नियमांवर याहून मोठा ठपका दुसरा ठेवता येणार नाही.

त्या सामन्यात हरलेल्या सिरॅक्यूजचे मालक डॅनी बियासोन. लहानपणी इटलीतून आलेले, सिरॅक्यूज शहरात बोलिंग ॲली चालवणारे गृहस्थ. १९४६ मध्ये ५,००० डॉलर भरून त्यांनी संघ विकत घेतला होता. ते स्वतः नामांकित खेळाडू नव्हते की प्रशिक्षक नव्हते. सामने बघण्याची आवड दांडगी होती. ठरावीक वेळेत शॉट घ्यायला लावावा ही कल्पना सर्वस्वी त्यांची नव्हे. येल विद्यापीठाचे प्रशिक्षक हॉवर्ड हॉबसन यांनी तशी मर्यादा आधीच सुचवली होती. बियासोन यांनी मात्र लीगच्या बैठकांत ती लावून धरली आणि तिला नेमका आकडा दिला.

तो आकडा प्रेक्षकाच्या नजरेतून आलेला आहे. जे सामने बघताना मजा आली, ज्यांत कोणी वेळ काढला नाही, अशा सामन्यांचे तक्ते त्यांनी पुढे घेतले. प्रत्येक संघाने साधारण ६० शॉट घेतलेले दिसले, म्हणजे दोघांचे मिळून १२०. सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २,८८० सेकंदांचा. २,८८० भागिले १२०, उत्तर २४. शरीरशास्त्राचा अभ्यास नाही, प्रयोगशाळा नाही. चांगला रंगलेला सामना कसा असतो, याची सरासरी काढली आणि तीच नियम म्हणून लावली. संघाचे व्यवस्थापक लिओ फेरिस यांचा या गणितात मोठा वाटा होता, असे सिरॅक्यूजमधले जाणकार सांगत आले आहेत. कागदावर भागाकार कोणी मांडला याचा निकाल आता लागणे अवघड आहे, पण फेरिस यांचे नाव बियासोन यांच्या बरोबरीने घेतले जावे, हे रास्तच.

१० ऑगस्ट १९५४ रोजी सिरॅक्यूजच्या ब्लॉजेट व्होकेशनल हायस्कूलच्या व्यायामशाळेत लीगच्या मंडळींसमोर चाचणी झाली. खेळाडूंत सिरॅक्यूजचा मोठा खेळाडू डॉल्फ शेज होता. सुरुवातीला सगळे घाईला आले आणि चेंडू हातात पडताच रिंगकडे फेकू लागले. २४ सेकंद म्हणजे बराच वेळ असतो, दोन-चार पास करून जागा काढता येते, हे त्यांना थोड्या वेळाने उमगले. त्याच वर्षी फाउलचाही बंदोबस्त झाला. एका क्वार्टरमध्ये संघाचे ६ फाउल झाले की पुढच्या प्रत्येक फाउलला समोरच्याला जादा फ्री थ्रो मिळू लागला. हे दोन्ही नियम जोडीने आले म्हणूनच उपाय लागू पडला. नुसते घड्याळ लावले असते, तर मुद्दाम फाउल करण्याची सवय इतक्या सहज सुटली नसती.

परिणाम पहिल्याच हंगामात दिसला. संघांची सरासरी ७९.५ गुणांवरून ९३.१ वर गेली आणि बोस्टन हा सरासरी शंभरावर नेणारा पहिला संघ ठरला. १९५५च्या अंतिम मालिकेत सिरॅक्यूज आणि फोर्ट वेन आमनेसामने आले. १० एप्रिलला सातव्या सामन्यात फोर्ट वेन १७ गुणांनी पुढे होते. वर्षभरापूर्वी एवढी आघाडी घेतलेल्या संघाने चेंडू दाबून ठेवला असता. आता दर २४ सेकंदांनी शॉट घ्यावाच लागत होता आणि चुकला की चेंडू सिरॅक्यूजकडे येत होता. सिरॅक्यूजने अंतर भरून काढले. शेवटच्या १२ सेकंदांत जॉर्ज किंगने फ्री थ्रो टाकला, लगेच चेंडूही हिसकावला आणि सामना ९२-९१ असा सुटला. घड्याळाची लढाई लढलेल्या शहरानेच विजेतेपद जिंकले.

त्या शहराला संघ मात्र टिकवता आला नाही. वेगवान खेळाला गर्दी होऊ लागली, टेलिव्हिजन आले, विमानप्रवास सोपा झाला, तसे संघ मोठ्या शहरांकडे निघाले. १९५७ मध्ये फोर्ट वेनचा संघ डेट्रॉइटला आणि रॉचेस्टरचा सिनसिनाटीला गेला. १९६० मध्ये लेकर्स लॉस एंजेलिसला गेले. १९६३ मध्ये बियासोन यांनी संघ विकला आणि तो फिलाडेल्फियात सेव्हंटी-सिक्सर्स या नावाने खेळू लागला. ज्या छोट्या शहरांनी लीग पडत्या काळात जगवली, त्यांतली बहुतेक तिच्या भरभराटीत बाहेर राहिली. हे दुःख सिरॅक्यूजच्या जुन्या प्रेक्षकांनी कधी लपवले नाही. बियासोन १९९२ मध्ये वारले आणि २००० मध्ये स्प्रिंगफील्डच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांची निवड झाली. सिरॅक्यूजच्या आर्मरी स्क्वेअरमध्ये आता २४ पासून उलट मोजणाऱ्या त्या घड्याळाचे स्मारक आहे.

महाविद्यालयांनी हा नियम स्वीकारायला तीन दशके घेतली, आणि ती नाहक घेतली. चेंडू धरून ठेवणे हीसुद्धा एक कला आहे, दुबळ्याला ती संधी देते, असा तिथल्या प्रशिक्षकांचा युक्तिवाद होता. त्यात तथ्य आहेच. पण १९७३ मध्ये टेनेसीने टेंपलला ११-६ असे हरवले, तो सामना या कलेच्या खाती जमा आहे. १९८२च्या अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायना आणि व्हर्जिनिया समोरासमोर होते. एकीकडे पहिल्या वर्षाचा मायकेल जॉर्डन, दुसरीकडे राल्फ सॅम्पसन. नॉर्थ कॅरोलायनाचे प्रशिक्षक डीन स्मिथ यांनी चार खेळाडू चार कोपऱ्यांत उभे करून कित्येक मिनिटे चेंडू फिरवत ठेवला आणि सामना ४७-४५ असा संपला. टेलिव्हिजनवर तो देशभर पाहिला गेला आणि चर्चेला तोंड फुटले. १९८५-८६ मध्ये पुरुषांच्या महाविद्यालयीन खेळात ४५ सेकंदांची मर्यादा आली, १९९३-९४ मध्ये ती ३५ वर आणि २०१५-१६ मध्ये ३० वर आली. महिलांच्या महाविद्यालयीन खेळाने ३० सेकंदांचे घड्याळ याच्या कितीतरी आधी, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच लावले होते.

आंतरराष्ट्रीय महासंघ फिबाने १९५६ मध्ये ३० सेकंद ठरवले आणि २००० मध्ये २४ केले. भारतातही फिबाच्याच नियमांनी खेळ होतो. चेंडू २४ सेकंदांचा भोंगा वाजण्याआधी हातातून सुटला पाहिजे आणि रिंगला लागला पाहिजे. नुसता हवेत फेकून चालत नाही. मराठी वाचकाला हा विचार कबड्डीतून परिचयाचा आहे. प्रो कबड्डीत चढाईला ३० सेकंद असतात आणि लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘करो या मरो’ होते. तिथेही आघाडीच्या संघाने कोणालाही हात न लावता नुसते परत येत वेळ काढू नये, हेच कारण.

आक्रमक संघाने चुकलेला शॉट स्वतःच पकडला तर त्याला पुन्हा पूर्ण २४ सेकंद का द्यावेत, असा प्रश्न पुढे आला. फिबाने अशा वेळी १४ सेकंद देण्याचा नियम केला आणि २०१८-१९च्या हंगामापासून एनबीएनेही तो घेतला. अर्ध्या कोर्टवरच्या तिघांच्या खेळात १२ सेकंदच मिळतात. अमेरिकेतल्या शाळांमध्ये ३५ सेकंदांचे घड्याळ लावायचे की नाही, हे २०२२-२३ पासून प्रत्येक राज्याने ठरवायचे आहे.