सिकलसेल: जन्मतः ठणठणीत असलेले बाळ सहा महिन्यांनी आजारी का पडते?

सिकलसेलचा रुग्ण (एसएस) असलेले बाळ जन्माला येते तेव्हा बहुधा अगदी निरोगी दिसते. साधारण सहा महिन्यांनंतर हातापायांवर दुखरी सूज येते, बाळ फिके पडते, वारंवार ताप येऊ लागतो. मग घरात कोणी दात येण्याला, कोणी नजरेला, कोणी आईच्या खाण्यापिण्याला दोष देते. आईचा यात काहीही दोष नसतो. तुम्ही नाकाडोंगरीचे असा, तुमसरचे किंवा गडचिरोलीचे, पूर्व विदर्भात हा आजार बऱ्याच कुटुंबांत आहे. त्यामुळे हे सहा महिन्यांचे कोडे समजून घेणे तुमच्या उपयोगाचे आहे.

जनुक तेच, पण बंद

गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या मोजक्या पेशींना भ्रूण मूलपेशी म्हणतात. त्यांच्यापासूनच हाड, मेंदू, रक्त असे सगळे घडते. प्रत्येक पेशीत जनुकांचा संच जवळपास तोच राहतो. कोणती जनुके चालू आणि कोणती बंद, यावर पेशी काय होणार ते ठरते. डीएनएवर मिथाइल नावाचे छोटे रासायनिक गट बसतात, काही भाग घट्ट गुंडाळला जातो आणि तिथली जनुके गप्प होतात. पुस्तकातली अक्षरे तशीच असतात, फक्त ती पाने उघडत नाहीत. याला एपिजेनेटिक नियंत्रण म्हणतात.

रक्ताचे उदाहरण तर फारच सुंदर आहे. 11व्या गुणसूत्रावर हिमोग्लोबिनची काही जनुके एका ओळीत आहेत, आणि आयुष्यात ज्या क्रमाने लागतात त्याच क्रमाने मांडलेली आहेत: आधी भ्रूणाचे, मग गर्भाचे गॅमा, शेवटी मोठ्यांचे बीटा. जन्माच्या सुमारास गॅमा बंद होऊ लागते आणि बीटा जोर धरते. गॅमाला बंद ठेवण्यात बीसीएल11ए नावाच्या प्रथिनाचा मोठा वाटा असतो.

सिकलसेलचा दोष बीटा जनुकात आहे. म्हणून गर्भाचे हिमोग्लोबिन (रिपोर्टवर एचबी-एफ) भरपूर असेपर्यंत बाळ सुरक्षित असते. ते ओसरले की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि वेदना सुरू होतात.

याच कारणामुळे गावोगावी होणारी सोल्युबिलिटी चाचणी सहा महिन्यांच्या आतील बाळात विश्वासार्ह नसते. ती निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होऊ नका. आई-बाबा दोघेही वाहक (एएस) असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस असण्याची शक्यता 25 टक्के असते. अशा बाळाची एचपीएलसी तपासणी लवकर करून घ्या.

बंद झालेले पुन्हा उघडता येते का?

थोडेफार, हो. हायड्रॉक्सियुरिया हे औषध बऱ्याच रुग्णांत एचबी-एफ वाढवते. वेदनेचे झटके आणि दवाखान्यात भरती होण्याची वेळ, दोन्ही कमी होतात. परिणाम दिसायला काही महिने लागतात, आणि नेमक्या याच काळात अनेक जण "फरक नाही" म्हणून गोळ्या सोडतात. कृपया तसे करू नका. पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, म्हणून ठरलेल्या वेळी रक्ततपासणी करा. मूल हवे असेल तर, रुग्ण पुरुष असो वा स्त्री, डॉक्टरांना आधी सांगा.

भारतातील रुग्णांत एचबी-एफ आफ्रिकेतील बऱ्याच रुग्णांपेक्षा जास्त आढळते. त्यावरून आपल्याकडचा सिकलसेल सौम्य, असे पूर्वी मानले जाई. नागपूर भागातील मुलांमध्ये मात्र तीव्र आजारही पुरेसा दिसतो, तेव्हा या समजावर विसंबू नये.

जनुक-संपादनाच्या उपचारात रुग्णाच्याच रक्तातील मूलपेशी काढून बीसीएल11ए कमजोर केले जाते आणि त्या परत दिल्या जातात. ब्रिटनने त्याला नोव्हेंबर 2023 मध्ये, अमेरिकेने डिसेंबरमध्ये मान्यता दिली. अमेरिकेत किंमत 22 लाख डॉलर आहे. आपल्याकडे आज आजार मुळातून बरा करणारा प्रस्थापित उपाय म्हणजे अस्थिमज्जा प्रत्यारोपण. सख्ख्या भावाची किंवा बहिणीची मज्जा पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक.

"स्टेमसेल इंजेक्शन"च्या जाहिराती

भ्रूण मूलपेशींच्या इंजेक्शनने सिकलसेल बरा होतो, असे कोणी सांगितले तर पैसे देऊ नका. अशा पेशी योग्य नियंत्रणाशिवाय शरीरात गेल्यास गाठी होऊ शकतात. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचे प्रत्यारोपण सोडून इतर मूलपेशी उपचार मान्यताप्राप्त संशोधनातच करता येतात. शेत विकण्याआधी एखाद्या रक्तविकारतज्ज्ञाचे मत घ्या.

आणि ताप 101 अंशांवर गेला, पोट डावीकडे फुगले, श्वास लागला, अंग अचानक पांढरे पडले किंवा एका बाजूची ताकद गेली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णाला जवळच्या रुग्णालयात न्या. सिकलसेल असल्याचे दारातच सांगा.