जुनी खिडकी आणि मावळचीं लेणीं

लोणावळ्यास आमच्या घराजवळ माझा एक जुना विद्यार्थी राहतो. उभा जन्म त्यानें समुद्रावरच्या नोकरींत घालविला, आणि निवृत्त झाल्यावर कोंकणांतल्या एका खाडींत पडून असलेली लहानशी जुनी नौका विकत घेतली. नौका खाडींतच आहे. पण तिच्या खोलीच्या चार सागवानी खिडक्या काढून त्यानें डागडुजीसाठीं घरीं आणिल्या. गेल्या मार्गशीर्षांत एके सकाळीं मी त्याच्याकडे गेलों, तेव्हां त्या अंगणांत मांडलेल्या होत्या. खाऱ्या हवेनें वार्निशाला पोपडे धरले होते, कांचांभोंवतालची लांबी दगडासारखी वाळली होती आणि पितळी बिजागऱ्यांवर हिरवी कळंक चढली होती. विद्यार्थी हातांत रंधा घेऊन बसला होता.

"गुरुजी, एकदां रंधा मारला कीं लांकूड अगदीं नव्यासारखें निघेल," तो म्हणाला.

"नव्यासारखेंच हवें, तर नवेंच कां करीत नाहींस?" मीं विचारलें.

तो हंसला, पण रंधा त्यानें खालीं ठेवला. दुपारीं आम्ही दोघे कार्ल्याचा डोंगर चढलों. जुनें लांकूड कसें राखावें आणि तें कसें गमावलें जातें, हें शिकावयाचें तर आमच्या मावळासारखी दुसरी शाळा नाहीं. येथें एकमेकांपासून थोड्या कोसांच्या आंत कार्लें, भाजें आणि बेडसें अशीं तीन प्राचीन बौद्ध लेणीं आहेत, आणि तिघांची कहाणी निरनिराळी आहे.

सोपारा, कल्याण यांसारख्या बंदरांतून घाट चढून येणारा व्यापारी मार्ग या भागांतून जात असे. त्या मार्गावरील लोकांच्या दानांतून इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास कार्ल्याचें चैत्यगृह उभें राहिलें. लांबी सुमारें 124 फूट, रुंदी सुमारें 45 फूट, आणि 37 खांब. समोर घोड्याच्या नालाच्या आकाराची प्रचंड खिडकी आहे. तिच्यांतून येणारा प्रकाश थेट स्तूपावर पडतो. मान वर करून पाहिलें तर छताला सागवानाच्या वांकविलेल्या फासळ्या दिसतात. विद्यार्थ्यानें त्या पाहिल्या आणि तो उद्गारला, "गुरुजी, ही तर उलटी घातलेली होडी!" मीं त्याला सांगितलें कीं या फासळ्यांवर छताचा कांहींएक भार नाहीं, डोंगराला लांकडाच्या टेकूची गरज काय? पण आधींच्या काळीं अशीं प्रार्थनागृहें लांकडाचींच बांधीत. ती घडण लोकांच्या डोळ्यांत इतकी बसली होती कीं दगडांत खोदतांनाही तिचें लांकूड त्यांना सोडवेना. त्या फासळ्या, स्तूपावरील लांकडी छत्र आणि खिडकीच्या कमानींतील लांकडाचे अवशेष हें सर्व आज सुमारें 2000 वर्षें टिकून आहे. सागवान मुळांतच तेलकट, त्यामुळें वाळवी त्याच्या वाटेस सहसा जात नाहीं. शिवाय खिडकीच्या पुढें दगडी भिंतीचा आडोसा ठेवलेला आहे. आमच्याकडचा पश्चिमेचा पाऊस ज्यांनीं अनुभविला आहे, त्यांना त्या आडोशाचें मोल वेगळें सांगावयास नको.

भाज्यास असा आडोसा नाहीं. तेथील चैत्यगृह इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांतील, म्हणजे कार्ल्याहूनही जुनें. त्याची संपूर्ण दर्शनी बाजू लांकडाची होती. ती केव्हांच नाहींशी झाली. तुळया जेथें बसविल्या होत्या तीं भोकें तेवढीं खडकांत उरलीं आहेत. खिडकी गेली, परंतु आंतील छताच्या फासळ्या वांचल्या. त्यांच्यावर कोरलेले दोन लहान ब्राह्मी लेख पुराणवस्तुसंशोधक म. न. देशपांडे यांनीं 1959 सालीं प्रसिद्ध केले. ज्यांचीं अक्षरें इसवी सनापूर्वींच्या वळणाचीं आहेत, असे लेख सुमारें दोन हजार वर्षें लोकांच्या डोक्यावर होते! मधल्या काळांत कोणी भाविकानें हीं लांकडें स्वच्छ करण्यासाठीं तासून काढलीं असतीं, तर आपणांस काय वाचावयास मिळालें असतें?

ही भीति अनाठायीं नाहीं. तिसरें लेणें बेडशाचें. त्याचे खांब, त्यांच्या माथ्यावरचे घोडे, हत्ती आणि स्वार हीं सर्व दगडाचीं म्हणून राहिलीं. छताची लांकडी फासळी मात्र आज एकही नाहीं. आंत एके काळीं रंगीत चित्रेंही होतीं. 1861 च्या सुमारास, साहेबलोक लेणें पाहावयास येतात म्हणून स्थानिक अधिकाऱ्यांनीं साफसफाई आणि रंगरंगोटी करविली, आणि तींत गिलाव्यासह चित्रें गेलीं. हें काम कोणी द्वेषानें केलें नाहीं. पाहुण्यांना जागा नीटनेटकी दिसावी, एवढाच हेतु होता. पावसानें कैक शतकांत जें नेलें नाहीं तें चार दिवसांच्या झाडलोटीनें नेलें.

कार्ल्याहून निघण्यापूर्वीं मीं विद्यार्थ्याला दारापाशीं नेलें. तेथील एका शिलालेखांत वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीनें हें गृह जंबुद्वीपांत सर्वोत्तम असल्याचें अभिमानानें नोंदविलें आहे. पण मला अधिक मोलाचा वाटतो तो दुसरा एक लेख. धेनुकाकट येथील सामि नांवाच्या सुताराचा, वेणुवासाच्या पुत्राचा तो आहे, आणि लेण्याचें मुख आपण घडविलें, एवढेंच तो सांगतो. श्रेष्ठी आणि महारठी यांच्या पंक्तींत आपलें व आपल्या बापाचें नांव लावून एक सुतार उभा आहे. विद्यार्थी बराच वेळ त्या अक्षरांकडे पाहत राहिला.

दुसऱ्या दिवशीं आम्ही कामास लागलों. प्रथम गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्यानें मीठ पुसून काढलें आणि खिडक्या सावलींत वाळूं दिल्या. मग सुटलेले पोपडे तेवढे बोथट पात्यानें, लांकडाच्या रेषांच्या दिशेनेंच काढले. आडवें खरवडलें कीं सागवानावर कायमचे चरे पडतात. वाळलेली लांबी जराशी ऊब देऊन मऊ केली, म्हणजे जुन्या कांचा न फुटतां निघाल्या. बिजागऱ्यांस चिंच चोळून लगेच धुतलें. एक कोपरा कुजला होता. तेवढाच पटाशीनें कापून तेथें जुन्या सागवानाचा तुकडा कुसूनें बसविला. शेवटीं अळशीच्या तेलाचे पातळ हात दिले.

तेल पुसतांना विद्यार्थी एकदम थांबला. चौकटीच्या आंतल्या अंगास पटाशीनें पाडलेल्या बारीक रेघा होत्या; एका खिडकीवर एक, दुसरीवर दोन, तिसरीवर तीन आणि चौथीवर चार. नौका बांधणाऱ्या सुतारानें कोणती खिडकी कोठें बसवावयाची याची खूण करून ठेविली होती. रंध्याच्या एका हातासरशी त्या रेघा गेल्या असत्या.

"याचें नांव कोठें कळेल, गुरुजी?" त्यानें विचारलें.

"नांव कळणार नाहीं," मीं म्हटलें. "सामिला दगड मिळाला, याला मिळाला नाहीं. याची सही म्हणून या चार रेघाच आहेत."

आतां त्या खिडक्या खाडींत परत गेल्या आहेत, आणि त्या रेघांच्या हिशेबानेंच बसविल्या. श्रोतेहो, आपल्या वाड्याच्या दिंडीला किंवा आजोबांच्या पेटीला रंग देण्यासाठीं कारागीर बोलवाल, तेव्हां त्यानें खरवडणी उचलण्यापूर्वीं एकदां स्वतः ओलें फडकें घेऊन तें लांकूड पुसून पाहा, आणि खालीं काय लिहिलें आहे तें आधीं वाचा.