वावर कामरगावचं, मत अमेरिकेचं

साल १८६०. कामरगावच्या शिवारात तुम्ही पऱ्हाटीच्या ओळीत उभे आहात, ओटीत कापूस. निजामाचं वऱ्हाड इंग्रजांकडे जाऊन सात वर्षं झाली. आगगाडी अजून या मुलखात आलेली नाही. तुमचा माल बंजाऱ्यांच्या तांड्यांबरोबर बैलांच्या पाठीवरून जातो आणि मुंबईच्या वखारीत पोचेपर्यंत त्यात रुई किती आणि वाटेची धूळ किती, हे सांगता येत नाही. भाव लिव्हरपूलला ठरतो. लिव्हरपूलला लागणाऱ्या कापसाचा मोठा वाटा येतो अमेरिकेच्या दक्षिणेतून, आणि तो वेचणारी माणसं त्यांच्या मालकांची मालमत्ता आहेत. तिथं अशा गुलामांची संख्या चाळीस लाखांच्या घरात आहे.

त्याच नोव्हेंबरात अमेरिका आपला अध्यक्ष निवडते आहे. समजा, तुम्हाला तिथं एक मत आहे. वावर इथलंच, घरची चूल इथलीच, फक्त चिठ्ठी तिथल्या पेटीत टाकायची. कुणाच्या नावाची टाकाल?

सरकारी मतपत्रिका तेव्हा नव्हती. पक्ष आपापल्या चिठ्ठ्या छापत आणि मतदार ती सगळ्यांदेखत पेटीत टाकी. ६ नोव्हेंबरच्या त्या निवडणुकीत चौघे उभे आहेत. डेमोक्रॅटिक पक्ष गुलामीच्या प्रश्नावर फुटलेला, म्हणून त्याचेच दोन उमेदवार. तिसरा एका नव्या तडजोडवादी पक्षाचा. चौथा अब्राहम लिंकन, अवघ्या सहा वर्षांच्या रिपब्लिकन पक्षाचा. दक्षिणेतल्या दहा राज्यांत लिंकनच्या नावाची चिठ्ठीच वाटली गेलेली नाही. तुम्ही मिसिसिपीच्या मळ्यात असता, तर तुमच्या हाती ती पडलीच नसती. आणि वेचणाऱ्यांत असता, तर कुठलीच पडली नसती.

लिंकन निवडून आला आणि पुढच्या एप्रिलमध्ये युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली. लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, म्हणून व्यापारी हिंदुस्थानाकडे वळले. बघता बघता तुमच्या कापसाला तुमच्या आजाने कधी ऐकला नव्हता असा भाव आला. गावात चांदी आली. कुणी विहीर बांधायला काढली, कुणी लग्नं थाटात केली, कुणी ज्वारीचं वावर मोडून तिथंही पऱ्हाटी लावली.

आता १८६४. लिंकन पुन्हा उभा आहे, आणि प्रश्न अवघड झालाय. तुमच्या घराला लढाई लांबलेली हवी आहे. तिकडे एक वर्ष जास्त माणसं मेली, तर इकडे एक वर्ष जास्त भाव. हे कुणी तोंडाने बोलत नाही, पण हिशेब तोच आहे. अशा वेळी मला मँचेस्टरची माणसं आठवतात. कापूस आटल्यामुळे त्यांच्या गिरण्या बंद पडलेल्या, चुली थंड, तरी ३१ डिसेंबर १८६२ ला त्या शहरातल्या कामगारांनी सभा भरवून लिंकनला पाठिंब्याचं पत्र धाडलं. पुढच्याच महिन्यात लिंकनने त्याला उत्तर दिलं. लढाईने त्यांचं पोट मारलं होतं, तुमचं भरलं होतं. ते जर लिंकनच्या बाजूने उभे राहू शकले, तर तुमच्या मताचा कौल दुसरीकडे जाऊ नये. १८६५ च्या एप्रिलमध्ये दक्षिणेच्या सेनापतीने शस्त्रं खाली ठेवली, भाव कोसळले, जुलैत मुंबईचा शेअरबाजार आडवा झाला. कापसाच्या भरवशावर काढलेलं सावकाराचं कर्ज मात्र तुमच्या दारात उभंच राहिलं.

आठ वर्षांनी पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ छापली आणि ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली. तुमच्या कापसाचा भाव पाडणारी ती मुक्ती. फुल्यांना त्यात आपल्या शूद्रातिशूद्रांचं भविष्य दिसलं. म्हणून लिंकनला दिलेल्या तुमच्या चिठ्ठीचा मला आजही अभिमान वाटतो.

१८८६. पहाटेच्या अंधारात कापसाने भरलेली बंडी कारंज्याच्या वाटेला लागली आहे आणि जुवाजवळ तुम्ही बसला आहात. त्या साली हैदराबादच्या रेसिडेंटच्या हुकुमाने कारंज्याचा कापूस बाजार नियंत्रित झाला, देशातला असा पहिला बाजार म्हणून तो ओळखला जातो. पुढे १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी कायदाही आला. नियम झाला तो मँचेस्टरच्या गिरण्यांना स्वच्छ माल वाजवी भावात मिळावा, या गरजेतून. तुमची गरज त्यात नंतर आली. काट्यावर दाबलेलं माप, नमुन्याच्या नावाने ओंजळभर उचललेली रुई, वर कडता, हमाली, धर्मादाय. एवढं सगळं वजा जाऊन जे उरतं, त्यातून सावकाराचं व्याज. गावी परतल्यावर पारावरचं पहिलं वाक्य ठरलेलं: ‘काय भाव भेटला जी?’

नेमक्या त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, टेक्ससच्या क्लीबर्न गावी कापूस उत्पादक शेतकरी जमले आणि त्यांनी रेल्वे, व्यापारी आणि सावकारशाहीविरुद्ध मागण्यांची यादी मांडली. टेक्ससच्या त्या पट्ट्यातली जमीन वऱ्हाडासारखीच, उन्हाळ्यात भेगाळणारी काळी. तिथला शेतकरीही पेरणीच्या आधीच पीक दुकानदाराकडे गहाण टाकायचा आणि वेचून झालं की दुकानदाराच्याच भावाने त्याच्याच मापात घालायचा. तिथून उभ्या राहिलेल्या चळवळीने १८९२ मध्ये नवा पक्ष काढला, पीपल्स पार्टी. या पक्षाची एक मागणी ऐकलीत, तर तुम्ही बंडीतून खाली उतराल. सरकारने गोदामं बांधावीत, शेतकऱ्याने भाव पडलेला असताना माल तिथं ठेवावा, मालाच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत नाममात्र व्याजाने पैसे उचलावेत आणि भाव आला की विकावा. चार्ल्स मॅक्यून नावाच्या माणसाने ही कल्पना १८८९ मध्ये मांडली होती. आज बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन किंवा तूर ठेवून ७५ टक्क्यांपर्यंत तारण कर्ज मिळतं, त्याचंच हे पूर्वरूप.

म्हणून १८९२ ला तुमचं मत पीपल्स पार्टीच्या जेम्स वीव्हरला. त्याला दहा लाखांवर मतं पडली, तो हरला. दोन्ही जुन्या पक्षांत तेव्हा तुमच्यासाठी काही नव्हतं.

थांबा. इथं एक गोष्ट विचारायची राहून जाते. कामरगावात तुम्ही नक्की कोण आहात? सात-बारा तुमच्या नावावर आहे, की तुम्ही दुसऱ्याच्या वावरात किलोवर वेचणीला जाता? कारण १८९१ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या वेगळ्या संघटनेने वेचणीचा भाव शंभर पौंडांना एक डॉलर मागून संप पुकारला. आर्कान्सॉमध्ये तो संप गोळ्या घालून आणि फासावर लटकवून मोडला. आणि गोऱ्या शेतकऱ्यांची जी संघटना सावकाराविरुद्ध एवढं बोलत होती, तिचे पुढारी या संपाच्या विरोधात गेले. वेचणीचा दर वाढला असता तर तो त्यांच्या खिशातून जाणार होता. वेचणीची बाई बोंडाच्या टोकदार नखांनी सोललेली बोटं घेऊन संध्याकाळी काट्यासमोर उभी राहते, तिला पीपल्स पार्टीची चिठ्ठी द्यायला मी कचरेन. त्या पक्षातल्या काही माणसांनी काळ्या-गोऱ्यांना एकत्र आणायचा खरा प्रयत्न केला, हे नाकारत नाही. पण तिला या साली कुणालाच मत देता येत नाही. अमेरिकेत नाही, वऱ्हाडात तर मुळीच नाही.

१८९६ ची निवडणूक चांदीच्या नाण्यांवर लढली गेली. तुमच्या वाट्याला तिच्या पाठोपाठ दोन दुष्काळ आले, दुसरा १८९९-१९०० चा. त्या काळात चिठ्ठीचा विचार करायची कुणाला ताकद होती! पुढे चला.

१९३३, ऑगस्ट. वावरात डवरणी चालू आहे. बैलांना मुसकी घातलेली आहेत, दोन्ही बैल आपापल्या तासातून चालतात आणि रोपावर पाय पडू देत नाहीत. गोऱ्ह्याचा बैल होताना हेच त्याला शिकवलेलं असतं. अमेरिकेतल्या खेचरांनाही हेच शिकवलेलं होतं. त्या महिन्यात त्यांच्या मालकांनी त्यांना उभ्या पिकावरून औत ओढायला लावलं, तेव्हा खेचरं बिथरली, जागची हलेनात. मंदीत तिथला कापूस पौंडाला पाच-सहा सेंटवर आला होता. मावळत्या रिपब्लिकन सरकारने १९३० मध्ये आयातीवर जबर कर लावून जगाचा व्यापार आणखी आवळला होता. १९३२ ला निवडून आलेल्या डेमोक्रॅट रूझवेल्टने भाव सावरायला सुमारे एक कोटी एकर कापूस नांगरून टाकायला लावला आणि त्याचे पैसे दिले. ऑक्टोबरात पौंडाला दहा सेंट धरून कापसावर कर्ज सुरू केलं. भाव पडला तर माल सरकारकडे सोडायचा, कर्ज फिटलं.

भुकेल्या जगात उभं पीक गाडणं तुम्हाला पाप वाटेल. तरी शेतमालाच्या भावाला खालून धरून ठेवणारा हात सरकारचा असावा, हे त्या देशाने या साली मान्य केलं. त्याच १९३३ ला आपल्याकडे मध्यप्रांत-वऱ्हाडात कर्ज लवाद कायदा झाला आणि सावकाराच्या वहीला कुणीतरी प्रश्न विचारला. त्या कायद्यामागे अमरावतीचे पंजाबराव देशमुख होते. तेव्हा १९३२ ला आणि १९३६ लाही रूझवेल्टच. पण वेचणीवाल्या बाईला विचारून. पीक गाडायचे पैसे मालकाच्या हाती पडले, आणि जमीन कमी लागते म्हणून बटईदारांना खोपट्यांतून बाहेर काढलं गेलं. १९३४ ला आर्कान्सॉमध्ये काळ्या आणि गोऱ्या बटईदारांनी एकत्र येऊन युनियन काढली, ती रूझवेल्टच्याच कारभाराविरुद्ध. मत द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या मोर्च्यात सामील व्हायचं, असंच तुम्ही कराल, अशी माझी अपेक्षा आहे.

डिसेंबर १९५९ ला पंजाबरावांनी दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं आणि रिपब्लिकन अध्यक्ष आयझेनहॉवर त्याच्या उद्घाटनाला आले. वऱ्हाडच्या माणसाने मांडलेल्या मंडपात अमेरिकेचा अध्यक्ष. अभिमानाचा क्षण होता तो. पण त्याच आयझेनहॉवरच्या १९५४ च्या कायद्याने अमेरिकेचं शिलकी धान्य आपल्याकडे येऊ लागलं होतं, आणि त्या धान्याची दोरी कुणाच्या हातात असते, ते लवकरच कळणार होतं.

१९६४. लिंडन जॉन्सन डेमोक्रॅट, बॅरी गोल्डवॉटर रिपब्लिकन. जुलैत जॉन्सनने नागरी हक्कांच्या कायद्यावर सही केलेली, गोल्डवॉटरने त्याविरुद्ध मत दिलेलं. निकाल लागला तेव्हा गोल्डवॉटरला मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया, लुइझियाना, साउथ कॅरोलायना मिळाली, आणि वर त्याचं स्वतःचं ॲरिझोना. कापसाची जुनी गुलामी राज्यं! लिंकनची चिठ्ठी जिथं वाटली गेली नव्हती, तिथं आता लिंकनच्याच पक्षाला मतं पडली, कारण ती माणसं होती तिथंच होती आणि पक्षांनी जागा बदलल्या होत्या. चिठ्ठीवरचं नाव बघून जो घराण्याने मत देतो, तो इथं हमखास फसतो.

तुमचं मत जॉन्सनला. ते देऊन घरी या आणि १९६६ मध्ये रेशनच्या रांगेत उभे राहा. तोच जॉन्सन आता एकेक महिन्याचं धान्य तोलून जहाज सोडतो आहे, दिल्लीने आपल्या मनासारखं वागावं म्हणून. लाल गव्हाच्या पोळ्या चिवट होतात, मिलोची भाकर घशाखाली उतरत नाही. तरीही ते मत मी मागे घेणार नाही. मिसिसिपीत वेचणी करणाऱ्या बाईला १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने पहिल्यांदा खऱ्या अर्थाने चिठ्ठी हाती आली, आणि १८९१ पासून मी तिच्यासाठी थांबलो होतो.

२००८. हा थांबा सर्वांत अवघड. कामरगाव आता वाशीम जिल्ह्यात आहे. शेतकरी आत्महत्यांनी हादरलेल्या विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी २००६ च्या जुलैत पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात वाशीम होता. अमेरिका आपल्या मूठभर कापूस उत्पादकांना एवढं अनुदान देते, की जगाचा भाव पडतो. ही तक्रार ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेत नेली आणि जिंकली, २००३ ला कॅनकूनच्या परिषदेत आफ्रिकेतल्या चार गरीब देशांनी तीच मांडली. विदर्भातल्या अंगणांत मांडव पडले त्याची कारणं अनेक, कर्ज, पाऊस, बियाणं. पण पडलेला भाव त्यात होता.

त्या मे महिन्यात अमेरिकेचं नवं शेती विधेयक आलं. अध्यक्ष बुश यांनी ते नाकारलं, तर दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी मिळून त्यांचा नकार फेटाळला. नोव्हेंबरात अध्यक्षपदासाठी दोघे उभे. जॉन मॅकेन, रिपब्लिकन, विधेयकाच्या विरोधात. बराक ओबामा, डेमोक्रॅट, विधेयकाच्या बाजूने. तुमच्या कापसाचा भाव मॅकेनच्या चिठ्ठीत आहे. आणि गुलामीच्या त्या सगळ्या इतिहासाचं उत्तर ओबामांच्या. १८६४ चाच पेच, उलट्या बाजूने. मी मत ओबामांना देईन. तुम्ही, ज्यांच्या शेजारच्या घरी त्या वर्षी मांडव पडला होता, मॅकेनला दिलंत तर मला एक शब्द बोलता येणार नाही.

ऑगस्ट २०२५. रिपब्लिकन ट्रम्प यांनी भारतीय मालावर ५० टक्के कर लावला. कापड गिरण्यांना दिलासा म्हणून दिल्लीने १९ ऑगस्टपासून कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे कामरगावात पहिली वेचणी होते आणि बंड्यांऐवजी आता ट्रॅक्टर कारंज्याला जातात, नेमके तेच महिने. लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये ठरलेला, पण खुल्या बाजारात परदेशी गाठी बिनशुल्क उतरत होत्या. शुल्क दिल्लीने उठवलं, आणि दिल्लीचं सरकार निवडायला तुमचं खरंखुरं मत आहे, यवतमाळ-वाशीम मतदारसंघात. पुढच्या वेळी उमेदवार कामरगावात आला की त्याच्या पक्षाचं नाव न विचारता एवढं विचारा: शुल्क पुन्हा उठवायची वेळ आली, तर ते आमचा कापूस विकून झाल्यावर उठवाल की त्याआधी? आणि वेचणीच्या बाईला किलोमागे किती मिळावेत, असं तुम्हाला वाटतं?