बोटावरची शाई आणि चेहऱ्यावरचा पडदा

मतदानाच्या दिवशी आमच्या घरात एक रिवाज होता. केंद्रावरून परतलेल्या प्रत्येकाने डाव्या हाताची तर्जनी अब्बांना दाखवायची. एका वर्षी अम्मी परतली आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. तिच्या बोटाला शाई नव्हती. भर रांगेत एका कर्मचाऱ्याने ‘तोंड दाखवा, नाहीतर बाजूला व्हा’ असे दरडावले होते. मागे पुरुषांची रांग, दाराशी पोलीस. ती बाजूला झाली ती घरीच आली. नंतर कितीतरी वर्षे तिने मतदानाचे नाव काढले नाही.

पुढे नोकरीच्या निमित्ताने मीच मतदान अधिकारी म्हणून टेबलापलीकडे बसलो, आणि दुसरी बाजूही कळली. समोर बुरख्यातली बाई उभी राहिली की ही तीच कशावरून, हा प्रश्न खराच असतो. तिच्या नावावर भलतीच कोणी मत टाकून गेली, तर लुबाडली जाते ती बुरख्यातलीच बाई. म्हणजे ओळख पटवणे हे तिच्याविरुद्ध नाही, तिच्याचसाठी आहे. वाद असलाच तर तो ओळख कोणी आणि कशी पटवावी, एवढाच.

हा प्रश्न आपल्याकडे आजचा नाही. पडद्यातल्या स्त्रियांच्या नावावर जमिनी होत्या, वारसाहक्क होते; पण कागदावर अंगठा उठवताना पडद्याआड नक्की कोण आहे आणि तिला मजकूर समजला आहे का, हे कसे ठरवायचे? इंग्रजी अमदानीतल्या न्यायालयांनी यावर एक तत्त्व रूढ केले. पडदानशीन स्त्रीकडून लिहून घेतलेल्या दस्ताचा जो फायदा मागतो, त्यानेच सिद्ध करावे की तिला तो दस्त नीट कळला होता. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम १३२ तर म्हणते की, देशाच्या रूढीनुसार ज्या स्त्रियांवर लोकांसमोर येण्याची सक्ती करू नये, त्यांना न्यायालयात जातीने हजर राहण्यापासून सूट आहे. या कलमात कुठल्याच धर्माचे नाव नाही. घुंगटही त्यात येतो आणि बुरखाही. त्याच वर्षीच्या नोंदणी कायद्याने अशा स्त्रियांच्या घरी जाऊन दस्त नोंदवण्याची सोय ठेवली.

या कामाला माणूसही लाभले, आणि ते आपल्या नाशिकचे. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ चा, नाशिकचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून त्या ऑक्सफर्डला कायदा शिकल्या. १९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सवर त्यांची नेमणूक झाली, आणि पडद्यातल्या शेकडो स्त्रियांचे म्हणणे त्यांनी सरकारपुढे मांडले. उपाय साधाच होता. पडद्याआड पुरुष वकील जाऊ शकत नव्हता, म्हणून स्त्री गेली.

स्वातंत्र्यानंतर पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत चेहऱ्याच्याही आधी नावच अडले. मतदारयाद्या करणाऱ्यांना अनेक स्त्रिया, विशेषतः उत्तरेत, स्वतःचे नाव सांगेनात. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’, एवढेच. नाव झाकण्याची ही रीत सर्व धर्मांत होती. पतीचे नाव एरवी न घेता उखाण्यातच घेणाऱ्या आपल्या आज्यांना ती परकी वाटणार नाही. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी मात्र ठाम भूमिका घेतली : मतदाराला स्वतःचे नाव हवे. सुमारे ८ कोटी स्त्री मतदारांपैकी जवळजवळ २८ लाखांची नावे त्यामुळे यादीबाहेर राहिली. निर्णय कठोर होता. पण पुढच्या निवडणुकांत बायका स्वतःच्या नावाने यादीत आल्या, हेही खरे.

१९६१ च्या निवडणूक नियमांत स्त्रियांना वेगळ्या गटाने आत सोडण्याची आणि त्यांच्या मदतीसाठी केंद्रावर एक स्त्री नेमण्याची तरतूद आहे. १९९३ पासून छायाचित्र असलेली ओळखपत्रे आली, नंतर यादीतही छायाचित्रे आली. त्यावर धर्माच्या नावाने आक्षेप घेतला गेला. तो मद्रास उच्च न्यायालयाने २००६ मध्ये फेटाळला आणि जानेवारी २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयातही टिकला नाही.

मुसलमान म्हणून मला यात धक्का बसण्यासारखे काही वाटले नाही. हजच्या इहराममध्ये स्त्रीने नकाब बांधायचा नसतो. साक्ष देणाऱ्या स्त्रीचा चेहरा ओळखीसाठी पाहायला जुन्या फिक्हच्या पंडितांनीही मुभा दिली आहे. पासपोर्टवर चेहरा उघडा ठेवून लाखो बायका हजला जातात. मग मतपेटीपाशीच धर्म आडवा कसा येईल?

पण दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. चेहरा पाहण्याचा अधिकार नेमलेल्या अधिकाऱ्याचा आहे. गर्दीचा नाही, उमेदवाराचाही नाही. मे २०२४ मध्ये हैदराबादेत एका उमेदवाराने स्वतःच केंद्रात शिरून बुरख्यातल्या मतदारांना चेहरे दाखवायला लावले, तेव्हा गुन्हा नोंदवला गेला. उलट २०२५ च्या बिहार निवडणुकीत बुरख्यातल्या मतदारांची ओळख पटवण्यासाठी आयोगाने अंगणवाडी सेविकांची मदत घेण्याचे जाहीर केले. म्हणजे सोराबजीबाईंचाच तो जुना उपाय : पडद्यापाशी स्त्रीने जावे.

आमच्या केंद्रावर आम्ही शाळेचा फळा आडवा उभा केला होता. एक शिक्षिका त्यामागे बसायच्या. ‘या खाला, जरा नकाब वर करा,’ एवढेच म्हणायच्या. बायका चेहरा दाखवत, कार्डाशी तो जुळे, आणि त्या शाई लावायला पुढे सरकत. दिवसभरात एकीनेही नकार दिला नाही.

त्या संध्याकाळी मी अम्मीला हे सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘बेटा, चेहरा दाखवायला मी कधी ना म्हटलं होतं? मला कुणी नीट विचारलंच नाही.’

पुढच्या निवडणुकीला ती गेली. परत आल्यावर तिने तर्जनी वर केली. पाहायला अब्बा नव्हते, मी पाहिली.