गणेशखिंडची मुख्य इमारत

गणेशखिंडची मुख्य इमारत : मुंबई इलाख्याच्या गव्हर्नराचे पावसाळी निवासस्थान म्हणून बांधलेली आणि १९४९ पासून पुणे विद्यापीठाचे (२०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ) कार्यस्थान असलेली दगडी वास्तू. चिंचवडकडून औंधमार्गे पुण्यात शिरणाऱ्या वाटेवर ती आहे.

पूर्वपीठिका : गणेशखिंडीपूर्वी गव्हर्नराचा मुक्काम दापोडीस, म्हणजे आजच्या पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत, असे. कॅप्टन फोर्ड याने तेथे बांधविलेला बंगला गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत (१८२७–३०) सरकारने खरेदी केला आणि त्याच्या आवारात वनस्पति-उद्यान सुरू केले. त्या उद्यानाचा अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन याने एका हिंदी चिताऱ्याकडून काढवून घेतलेली वनस्पतिचित्रे एडिंबरोच्या रॉयल वनस्पति-उद्यानात जपलेली आहेत. दप्तरात साहेबाचे नाव राहिले, चिताऱ्याचे राहिले नाही.

बांधणी : अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले असता, म्हणजे १८६४ मध्ये, गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर याने नव्या प्रासादाचे काम आरंभिले. दापोडीची मिळकत विकून खर्च भागवावा असा मूळ बेत होता, परंतु कापसाचा भाव कोसळला, अंदाजपत्रक मागे पडले आणि या उधळपट्टीवर विलायतेच्या पार्लमेंटात कठोर टीका झाली. काम १८७१ मध्ये पुरे झाले. आराखडा जेम्स ट्रबशॉ याचा, शैली इटालियन वळणाची, आणि वाइट बेटावरील ऑस्बर्न या व्हिक्टोरिया राणीच्या प्रासादाशी तिचे साम्य उघड आहे. मनोऱ्याच्या उंचीचे आकडे ८० ते १०० फुटांपर्यंत निरनिराळे दिलेले आढळतात. दरबार, मेजवान्या व नृत्य यांसाठी एका अंगास उंच छताची प्रशस्त दालने आणि दुसऱ्या अंगास गव्हर्नराचे खाजगी निवासस्थान, व या दोहोंना जोडणारी सुमारे ९० फूट लांबीची फुलझाडांची कमानदार वीथी, अशी वास्तूची रचना होती. ही विभागणी पुढील सर्व फेरबदल समजून घेण्यास आवश्यक आहे.

२२ जून १८९७ : व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ या वास्तूत आटोपून परतणाऱ्या रँड व आयर्स्ट या अधिकाऱ्यांवर चिंचवडच्या दामोदर व बाळकृष्ण चापेकर या बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच ठार झाला. रँड ३ जुलै रोजी मरण पावला.

विद्यापीठाकडे हस्तांतर : मुंबई विधिमंडळाच्या १९४८ च्या कायद्यान्वये १० फेब्रुवारी १९४९ रोजी विद्यापीठ स्थापन झाले. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर हे पहिले कुलगुरू. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या पुढाकाराने ही वास्तू व भोवतीची विस्तीर्ण जमीन विद्यापीठास मिळाली. राजवाड्याचे विद्यालय करणे वाटते तितके सोपे नसते. जेथे शेकडो पाहुणे उभे राहावेत अशा दालनात तीस विद्यार्थ्यांचा वर्ग बसविला, तर अध्यापकाचा आवाज छतातच विरतो. आणि दालनास आडभिंती घातल्या तर वर्ग सोयीचा होतो पण दालन नाहीसे होते. येथे काळाच्या ओघात अध्यापनाचे विभाग आवारातील स्वतंत्र इमारतींत गेले, मूळ वास्तूत प्रशासन राहिले, आणि दरबारी दालन संत ज्ञानेश्वर सभागृह या नावाने अधिसभेच्या बैठका व परिसंवाद यांच्या उपयोगी आले. सभेसाठी बांधलेली जागा सभेसाठीच राहिली, ही प्रस्तुत लेखकाच्या मते या रूपांतरातील सर्वांत समंजस गोष्ट होय.

जीर्णोद्धार : एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात वास्तूच्या जतनाचे मोठे काम हाती घेण्यात आले. काळ्या दगडाच्या चुनेगच्ची बांधकामास सिमेंटचा गिलावा हा उपकारक नसून अपायकारक असतो, कारण भिंतीत मुरलेला ओलावा चुन्यातून बाहेर पडतो, तर सिमेंटमागे तो कोंडला जाऊन दगडाचा दर्शनी थर सुटू लागतो. म्हणून अशा कामात आधी नंतरचे थर खरवडून काढावे लागतात आणि मग मुरविलेल्या चुन्याने दरजा भराव्या लागतात. विजेच्या तारा, ध्वनिक्षेपक व वातानुकूलन यांची सोय करताना मूळ नक्षीस छिद्र न पाडणे, हे त्यातील कष्टाचे काम. या बाबतीत मुंबई विद्यापीठाचे उदाहरण तुलनेस घेण्याजोगे आहे : सर कावसजी जहांगीर दीक्षान्त सभागृहाच्या जतनकार्याचा युनेस्कोच्या आशिया-प्रशांत पारितोषिकांत २००७ मध्ये, तर राजाबाई मनोरा व त्यातील ग्रंथालय यांच्या जतनकार्याचा २०१८ मध्ये गौरव झाला. दोन्ही जागांचा मूळ उपयोग तेथेही बदललेला नाही.

आवार : सुमारे ४११ एकर, जुनी वृक्षराजी पुष्कळ.