फिरंग आणि फिरंगी विद्या : मावळातील शस्त्रशब्दांचा एक विचार

सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील ज्या खोऱ्यांना शिवकालीन कागदपत्रे मावळ या नावाने ओळखतात, त्यांपैकी हिरडस मावळ आणि रोहिड खोरे आज भोर तालुक्यात येतात, तर गुंजण मावळ आणि कानद खोरे वेल्हे तालुक्यात मोडतात. या दुसऱ्या तालुक्यास राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला. कारीचे जेधे, उत्रवळीचे खोपडे, गुंजण मावळचे शिळिमकर, हिरडस मावळचे बांदल आणि त्यांच्याच पदरी असलेले शिंद गावचे बाजी प्रभू देशपांडे ही सर्व या मुलखातील माणसे. राजगड, तोरणा आणि रोहिडा हे किल्लेही येथलेच. शिवपूर्व आणि शिवकालीन मराठी शस्त्रविद्येचा विचार करू पाहणाऱ्यास म्हणूनच या दोन तालुक्यांपासून आरंभ करणे क्रमप्राप्त ठरते.

मराठी मुलखातील जुन्या घराण्यांत खंडेनवमीस ज्या तलवारी पूजेसाठी बाहेर निघतात, त्यांतील सरळ व लांब पात्याच्या तलवारीस पुष्कळदा 'फिरंग' असे म्हणतात. नावातच तिचे मूळ सांगितलेले आहे. फ्रँक लोकांच्या देशाचा वाचक असा जो शब्द अरबी-फारसीतून आपल्याकडे आला, तोच येथे वस्तूचे नाव होऊन बसला. (याच शब्दाने सोळाव्या शतकातील 'भावप्रकाश' या वैद्यकग्रंथात फिरंगरोग हे एका व्याधीचे नावही दिले आहे. परदेशाहून आलेल्या दोन अगदी भिन्न गोष्टींना भाषेने एकच मूळ पुरविले.) गोवा, चौल आणि वसई येथील पोर्तुगीजांच्या व्यापारातून, तसेच लुटीतून आणि भेटींतून युरोपीय पाती दख्खनेत येत राहिली. कोल्हापूर दरबाराकडून प्रिन्स ऑफ वेल्स यांस त्यांच्या १८७५-७६ च्या हिंदुस्थानभेटीत मिळालेली व आज ब्रिटिश राजसंग्रहात असलेली 'जगदंबा' तलवार हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. तिच्या पात्यावर 'आय एच एस' ही ख्रिस्तनामाची अक्षरे आहेत.

यावरून एक तर्क सहज सुचतो. पाते जर फिरंग्यांचे, तर ते चालविण्याची विद्याही अंशतः तरी फिरंग्यांची असली पाहिजे. आणि युरोपात त्या विद्येचे ग्रंथ उपलब्ध असल्यामुळे त्यांच्या साहाय्याने मावळ्यांच्या तलवारीचे लुप्त हात पुन्हा जुळविता येतील. हा तर्क आकर्षक आहे, पण टिकणारा नाही. तो का टिकत नाही हे पाहण्यासाठी प्रथम युरोपातील त्या ग्रंथांचे स्वरूप लक्षात घ्यावयास हवे.

युरोपातील या विषयावरील उपलब्ध पोथ्यांत सर्वांत जुनी म्हणून जी मानली जाते ती चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धातील असून लीड्स येथील रॉयल आर्मरीज संग्रहालयात आहे, तिला 'आय. ३३' या जुन्या क्रमांकानेच ओळखतात. तीत एक धर्मगुरू आपल्या शिष्यास तलवार आणि लहान गोल ढाल यांचे हात शिकवीत आहे. ही ढाल म्हणजे आपल्याकडील फरीचीच बहीण. पोथी लॅटिनमध्ये लिहिलेली आहे. पण भाषाभ्यासकास तिचे खरे महत्त्व वेगळ्याच गोष्टीत वाटेल. पवित्र्यांची आणि प्रतिकारांची नावे लिहिण्याची वेळ आली की लेखक लॅटिन सोडतो आणि तालमीतील जर्मन शब्द तसेच ठेवतो. हातावर तलवार आडवी टेकवून धरण्याच्या एका पवित्र्यास तो 'फिडिलपोगे', म्हणजे सारंगीसारख्या वाद्याचा गज, असे म्हणतो. विद्वानाच्या भाषेत या शब्दाला प्रतिशब्द नव्हता असे नाही. परंतु शरीराच्या ज्या हालचालीशी तो शब्द बांधलेला होता ती हालचाल प्रतिशब्दाने हातात आली नसती.

याच शतकातील योहानेस लीश्तेनाउअर याच्या नावाने चालत आलेली जर्मन पद्ये जाणूनबुजून कूट ठेवलेली आहेत. पंधराव्या शतकातील टीकाकारांनी त्यांवर भाष्ये लिहिली. आपल्याकडील सूत्र आणि भाष्य यांचाच हा प्रकार. इटलीत फिओरे देई लिबेरी याचा सचित्र ग्रंथ पंधराव्या शतकाच्या पहिल्या दशकातला, तर स्ट्रासबूर्ग येथे योआखिम मायर याचा छापील ग्रंथ १५७० मधला. विशेष म्हणजे आपल्याशी ज्यांचा प्रत्यक्ष संबंध आला त्या पोर्तुगीजांतही ही परंपरा होती. डोमिंगो लुईस गोदिन्यो याचे खड्गविद्येवरील हस्तलिखित १५९९ चे आहे. म्हणजे ज्या काळात पोर्तुगीजांचा व्यवहार कोकण किनाऱ्यावर चालू होता, त्याच काळात त्यांच्या मायदेशी ही विद्या लेखनात उतरत होती.

पुढे बंदुकीने तलवारीस मागे सारले आणि हे ग्रंथ अडगळीत पडले. १८८५ मध्ये एगर्टन कॅसल याने त्यांचा इतिहास लिहिला आणि आल्फ्रेड हटन याने १८८९ च्या आपल्या 'कोल्ड स्टील' या ग्रंथात जुन्या हातांना पुन्हा स्थान दिले. पण विद्येचे व्यापक पुनरुज्जीवन विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातलेच. तेव्हापासून युरोप-अमेरिकेतील अनेक मंडळे जुन्या पोथ्यांचे पाठ लावतात, त्यांचे भाषांतर करतात, बोथट पोलादी तलवार व मुखत्राण घेऊन प्रत्येक वाक्याचा अर्थ अंगाने करून पाहतात आणि अर्थ बसला नाही तर पुन्हा पाठाकडे वळतात. यात गुरू नाही. गुरूचे स्थान ग्रंथास दिलेले आहे. अशा अभ्यासास खेळ म्हणून नाक मुरडणारे विद्वान आहेत, पण एखाद्या संदिग्ध क्रियापदाचा अर्थ ठरविण्याची ही रीत पुष्कळशा कोशकारांच्या रीतीपेक्षा अधिक कठोर आहे, हे मान्य केले पाहिजे.

आता मावळाकडे वळू. कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत जिंजी येथे आपली बखर लिहिली. प्रतापगडच्या प्रसंगाच्या वर्णनात (१० नोव्हेंबर १६५९) जिवा महाला व संभाजी कावजी यांच्यापाशी पट्टा, फिरंग आणि ढाल ही शस्त्रे असल्याचे तो सांगतो. या एका उल्लेखात पुष्कळ अर्थ आहे. एकाच माणसाजवळ, एकाच प्रसंगी, फिरंग व पट्टा ही दोन्ही असतात. घोडखिंडीत १३ जुलै १६६० रोजी पडलेल्या बाजी प्रभूंच्या दोन्ही हातांत लोकपरंपरा शस्त्र देते, तेही याच जातीचे स्मरण होय.

पट्ट्याची रचना पाहावी. त्याची मूठ म्हणजे मनगटापासून कोपराच्या दिशेने जाणारे लोखंडी आवरण. आतील आडव्या दांड्यास हाताची पकड असते आणि पाते हाताच्या रेषेत पुढे निघते. यात मनगट जखडले जाते. वार कोपर, खांदा आणि कमरेच्या फिरकीतून निघतो, म्हणून पट्टेकऱ्याचे पाय सतत वर्तुळात चालतात. फिरंगेची मूठही देशी खांड्याचीच. वर तबकडीसारखा गोल, त्याच्याही वर दुसऱ्या हाताने धरता येईल असा गज, आणि बोटांच्या रक्षणास रुंद परज. ही मूठ हातात घेतल्यावर मनगटास मोकळेपणा फारसा उरत नाही. उलट सोळाव्या-सतराव्या शतकांतील युरोपीय भोसक तलवारीची सारी विद्या मनगटाची सूक्ष्म हालचाल, परजेवरून पुढे टाकलेले बोट आणि सरळ रेषेत पुढे झेपावणारा पाय यांवर उभी आहे. पाते तेच असले तरी देशी मूठ बसविताच ती विद्या त्या शस्त्रातून निघून जाते. मावळातील लोहाराने किंवा शिकलगाराने परकी मूठ काढून देशी मूठ चढविली, ही घटना केवळ अलंकरणाची नव्हे.

दख्खनेस सरळ पाते नवे नव्हते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. खांडा तर प्राचीनच. आणि मोगल सैन्यातील 'धोप' ही सरळ लांब तलवार दख्खनेतून घेतलेली होती, असे विल्यम अर्विन याने मोगलांच्या सैन्यावरील आपल्या १९०३ च्या ग्रंथात नोंदविले आहे. आधीच असलेल्या जागी परदेशी पाते येऊन बसले. ते चांगले होते म्हणून घेतले गेले. ते कसे चालवावे हे विचारण्याची गरज येथल्या माणसास भासली नाही.

शब्दांचा पुरावा याहून स्पष्ट आहे. पोर्तुगीजांकडून मराठीने आरमार, काडतूस, पिस्तूल, कप्तान आणि तुरुंग हे शब्द घेतले. अठराव्या शतकात 'गार्दी' आले. हा शब्द फ्रेंच 'गार्द' यापासून आल्याचे सामान्यतः मानतात. कंपू आणि पलटण हे शब्दही युरोपीय लष्करी व्यवहारातूनच आले. या शब्दांच्या मागे माणसे उभी आहेत : गोलंदाज, जहाजावरचे अधिकारी, कवायत शिकविणारे सरदार. महादजी शिंदे यांच्या नोकरीत १७८४ पासून द बॉइनने पलटणी उभारल्या, तेव्हा शिक्षक स्वतः छावणीत होता आणि त्याच्याबरोबर त्याची भाषाही होती. मात्र तलवारीच्या संदर्भात युरोपीय भाषांतून मराठीने काय घेतले? पात्याच्या देशाचे नाव, इतकेच. वार, प्रतिकार, हुलकावणी, पवित्रा, पायांची चाल यांपैकी एकासही पोर्तुगीज शब्द नाही. आखाड्यातील वारांची नावे तमाचा, बाहेरा, शीर, पालट अशी, बहुतांशी हिंदुस्थानी आहेत. ती वाराच्या लक्ष्यावरून वा दिशेवरून पडलेली आहेत. त्यांतील उत्तरेचा रंग मात्र नाकारता येणार नाही, आणि सारे काही मावळच्या मातीतच उगवले असे मानणाऱ्यांनी त्याचा विचार केला पाहिजे. इंग्रज घोडदळासाठी ल मार्शां याने १७९६ मध्ये तयार केलेल्या नियमांत वारांना नावेच नाहीत. त्यांना एक ते सहा असे क्रमांक आहेत. कवायतीच्या मैदानावर हुकूम देण्यास क्रमांक सोयीचा. आखाड्यात वस्तादाला नाव सोयीचे.

उलट बाजूचा पुरावा आजच्या तलवारबाजीच्या खेळात मिळतो. भारतात या खेळाचा राष्ट्रीय संघ १९७४ मध्ये स्थापन झाला. महाराष्ट्रातील ज्या मुलांना हा खेळ शिकविला जातो ती मुले फॉइल, एपे, सेबर आणि 'आँ गार्द' हेच शब्द उच्चारतात. येथे विद्या शिक्षकासह आली, म्हणून शब्दही आले. गार्द हा शब्द अशा रीतीने मराठी माणसाच्या तोंडी दोनदा पडला, आणि दोन्ही वेळा शिकविणाऱ्याबरोबरच.

फिरंगेची ही कथा सतराव्या शतकातच संपली असेही नाही. कॅप्टन लुई नोलन याने घोडदळावरील आपल्या १८५३ च्या ग्रंथात निजामाच्या पदरच्या स्वारांविषयी लिहिले आहे. त्यांच्या तलवारींची पाती इंग्रज घोडदळाने टाकून दिलेली जुनी पाती होती. त्यांना देशी मुठी बसविल्या होत्या, धार वस्तऱ्यासारखी राखली होती आणि ती लाकडी म्यानात ठेवली जात. इंग्रज शिपायाच्या हातात बोथट ठरलेल्या त्याच पात्यांनी हे स्वार एका वारात हातपाय तोडीत. वार करण्यास तुम्ही कसे शिकविता, असे नोलनने विचारले असता एका वृद्ध स्वाराने उत्तर दिले की आम्ही काही शिकवीत नाही, धार असली की कोणाच्याही हातात तलवार कापते. हे उत्तर अर्थात अक्षरशः घ्यावयाचे नाही. ज्याच्या समाजात शिक्षण लहानपणापासून अंगवळणी पडते त्याला ते शिक्षण म्हणून दिसतच नाही. परंतु पाते इंग्रजी असूनही ल मार्शांचे सहा क्रमांक त्याच्याबरोबर आले नव्हते, एवढे त्यावरून निश्चित होते. याच्या अगदी विरुद्ध अमेरिकेचे उदाहरण आहे : १९१३ ची सरळ तलवार अमेरिकन घोडदळास मिळाली ती जॉर्ज पॅटन याने तिच्यासाठीच लिहिलेल्या, १९१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तिकेच्या जोडीने.

मग मराठी फिरंगेची विद्या शोधावी कोठे? संस्कृतात 'अग्निपुराणा'तील धनुर्वेदप्रकरण ढाल-तलवारीच्या भ्रांत, उद्भ्रांत, आविद्ध, आप्लुत इत्यादी बत्तीस गती मोजते. परंतु ही नावे आखाड्यापर्यंत पोहोचली नाहीत. मायरच्या तोडीचा सतराव्या शतकातील मराठी ग्रंथ पुढे आलेला नाही. १८१८ नंतर या विद्येचा राजाश्रय आटला. १८७८ च्या कायद्याने ब्रिटिश मुलखात शस्त्र बाळगण्यास परवाना आवश्यक झाला. पुरंदरच्या पायथ्याच्या पेठ गावचे लहुजी साळवे यांच्यासारख्या वस्तादांनी पुण्याच्या तालमीत दांडपट्टा जिवंत ठेवला. भोर संस्थान १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत पंतसचिवांकडे राहिले, तरी तेथेही तलवार हळूहळू मिरवणुकीची व पूजेची वस्तू झाली. बडोद्याहून १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांत निघालेल्या 'व्यायाम ज्ञानकोशा'ने फरीगदगा, पट्टा, बनेटी यांची नोंद केली. परंतु तोपर्यंत धारेच्या शस्त्राचा प्रत्यक्ष प्रयोग थांबून काही पिढ्या लोटल्या होत्या. युरोपीय मंडळांकडून घ्यावयाचे ते त्यांचे हात नव्हेत; पाठ अंगाने तपासण्याची त्यांची रीत घ्यावयाची. त्यासाठी लागणारा पाठ येथे पोथीत नसून वृद्ध पट्टेकऱ्यांच्या तोंडी आणि बोलीत विखुरलेला आहे. 'तोंडाचा पट्टा सुटणे' हा वाक्प्रचार पट्ट्याची अखंड वर्तुळाकार गती जितकी अचूक सांगतो तितकी कोणतीही व्याख्या सांगत नाही. मराठी माणूस तलवार 'परजतो', आणि परज हे मुठीच्या रक्षक भागाचे नाव आहे. फिरंगेवर तो भाग देशी कारागिराने घडविलेला असे.